हँडल मारून कळायचं ते कुठल्या दफ्तरात शोधायचं?

किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना 1946 साली पुण्यात खडकीला झाली. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात डिझेल इंजिनं त्याच्याही आधी, 1930च्या दशकात, बनू लागली होती. औद्योगिक इतिहासाच्या पुस्तकांत हे सापडतं. पण इंजिन विहिरीवर बसलं, मोट बंद झाली आणि काही हंगामांनी ते सुरूच होईना, तेव्हा शेतकऱ्याने काय केलं? मला यातच जास्त रस आहे.

समजा तुम्ही नेवासा तालुक्यातल्या सोनई परिसरावर काम करताय. मुळा साखर कारखान्याचे, कालव्याचे अहवाल असतात. विहिरीवरच्या दुरुस्तीचा अहवाल कोण लिहिणार? म्हणून आधी इंजिन समजून घ्या.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती प्रचंड तापते आणि तिच्यात फवारलेलं डिझेल पेटतं. कंप्रेशन गळालं की इंजिन पेटत नाही, नुसता पांढरा धूर. दाब मोजायचं गेज विहिरीवर कुठून असणार? पण हँडल होतं. डीकॉम्प्रेशन लिव्हर न उचलता ते हळू फिरवलं की धडधाकट इंजिन अडतं, हाताला उलट रेटतं. हलकं फिरलं, तर कंप्रेशन गेलं. मग कान द्यायचा. फुसफुस एअर क्लीनरकडून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा किंवा लायनर. तरी शंका उरली तर सिलिंडरमध्ये अगदी थोडं ऑइल सोडून पुन्हा हँडल. आता जड लागलं तर रिंगा झिजल्यात. फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

बाकी सगळं तसंच ठेवून एकच गोष्ट बदलायची आणि फरक बघायचा. याला ‘जुगाड’ म्हणणं मला पटत नाही. हा सरळसरळ प्रयोग आहे. डेव्हिड एजर्टन यांनी ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ (2006) मध्ये शोधापेक्षा वापराचा आणि देखभालीचा इतिहास लिहा असं सुचवलं, ते इथे नीट लागू पडतं.

साधनं कुठली? स्पेअर पार्टच्या दुकानांची जुनी बिलबुकं. पण रिंगांचं बिल फक्त खरेदी सांगतं. निदान बरोबर होतं की अंदाजाने बदलल्या, हे त्यात नसतं. त्यासाठी मुलाखत हवी, आणि तीही ‘कंप्रेशन कसं ओळखायचात?’ असं विचारून नाही. ‘बाबा, जरा हँडल मारून दाखवता का?’ असं म्हणा. जमलं तर बंद पडलेल्या इंजिनापाशीच.

विजेच्या मोटारी आल्यावर हँडल मारणारे हात कमी होत गेले. कामाचा क्रम लावताना मुलाखती आधी घ्या, बिलबुकं नंतर.