रुबाब, छाप आणि चाकरमानी

एखादी व्यक्ती वा वस्तू समाजाच्या मनात का भरते, हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नव्हे. त्याला इतिहास आहे. मराठीतील दोन शब्द या संदर्भात बोलके आहेत. 'रुबाब' या शब्दाच्या मुळाशी असलेल्या अरबी शब्दाचा अर्थ धाक असा होतो. 'छाप' मालावर मारली जाते, तशी माणसाचीही पडते. धाकाचे रूपांतर आकर्षणात कसे होते, हे पाहण्यास वैभववाडीच्या परिसरातील 'चाकरमानी' हे उत्तम उदाहरण आहे.

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापिली. पुढे गिरण्यांच्या मजूरवर्गात रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा भरणा मोठा झाला. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. चाळीतील खोलीत दाटीवाटीने राहणारा हा मजूर गणपतीला वा शिमग्याला गावी आला, म्हणजे त्याचा पोशाख आणि बोलण्याची ढब यांकडे गावाचे लक्ष वेधे. बॉम्बे डाइंगसारख्या गिरण्यांची छाप असलेले कापडही त्याच मुंबईचे.

हे केवळ पैशामुळे घडले, असे मानणे अपुरे ठरेल. पैसा खोताजवळही होता. पण त्याच्याविषयी वाटे तो धाक. चाकरमान्याची मिळकत मात्र खोताच्या मर्जीवर अवलंबून नव्हती. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मांडले. खोतीनिर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला. मनिऑर्डरीने येणाऱ्या रकमेने मात्र त्यापूर्वीच कित्येक कुळांना थोडा मोकळा श्वास दिला होता. चाकरमान्याच्या रुबाबाचे मर्म या स्वायत्ततेत आहे, असे आम्हांस वाटते.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या आणि या रुबाबाचा आर्थिक पाया खचला. ऑगस्ट २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी शासकीय व्यवहारात 'चाकरमानी'ऐवजी 'कोकणवासीय' हा शब्द योजण्याची सूचना केली. 'चाकर' या फारसी शब्दाचा अर्थ नोकर असल्याने ही नापसंती समजण्याजोगी आहे. तथापि जोवर त्या नोकरीत स्वातंत्र्य होते, तोवर व्युत्पत्तीतील हीनपणा वापरात झाकला गेला होता. आधार सुटताच तो वर आला. शब्द बदलता येईल; परंतु त्या शब्दाला एके काळी मान कशाने मिळाला, याची नोंद त्याबरोबर पुसली जाऊ नये.