नांगराने पुसलेली वाट : स्टोनहेंज, एक जुना आराखडा आणि विमानातून टिपलेल्या दोन रेषा

१/ इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील स्टोनहेंज या प्रागैतिहासिक शिलावर्तुळाच्या ईशान्येकडून गवतात एक रुंद वाट निघते. दोन्ही कडांना उथळ चर आणि बुटके मातीचे बांध. तिला ‘अ‍ॅव्हेन्यू’ म्हणतात. थोडे अंतर ती डोळ्यांना दिसते आणि पुढच्या सखल भागात नाहीशी होते. ती पुढे कोठे जात होती, हे सिद्ध व्हायला दोनशे वर्षे लागली.

२/ या वाटेची पहिली सविस्तर नोंद केली विल्यम स्टुकली यांनी. पेशाने वैद्य असलेले स्टुकली १७१९ पासून काही वर्षे वारंवार स्टोनहेंजला जात राहिले. अंतरे मोजली, आराखडे काढले, आसपासच्या दफनटेकड्यांची चित्रे रेखाटली. १७४० साली हे सारे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

३/ त्यांच्या मते सखल भागात उतरल्यावर वाटेला दोन फाटे फुटत होते. एक उत्तरेकडे, ‘कर्सस’ नावाच्या प्रचंड लांबट आवाराच्या दिशेने. दुसरा पूर्वेकडे, टेकडीच्या कण्यावरील दफनटेकड्यांच्या दोन रांगांमधून. मात्र पूर्वेच्या फाट्यावर तेव्हाच नांगर फिरू लागला होता, आणि टेकडीपलीकडचा मार्ग स्टुकलींना तर्कानेच ठरवावा लागला.

४/ पुढच्या दोन शतकांत नांगराने आपले काम पूर्ण केले. पूर्वेचा फाटा जमिनीवर दिसेनासा झाला. उरला फक्त स्टुकलींचा कागद, आणि त्या कागदाची पत डळमळीत होती. कारण स्टोनहेंज हे ड्रुइड पुरोहितांचे मंदिर, या कल्पनेने स्टुकली झपाटलेले होते. ज्याचे निष्कर्ष इतके काल्पनिक, त्याच्या निरीक्षणांवर किती विसंबावे?

५/ या प्रश्नाचा निकाल ज्यांनी लावला, त्यांचा जन्म मुंबईचा. ओ. जी. एस. क्रॉफर्ड २८ ऑक्टोबर १८८६ रोजी ब्रीच कँडी येथे जन्मले. (क्रॉफर्ड मार्केट ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते आर्थर क्रॉफर्ड वेगळे.) वडील मुलकी सेवेत न्यायाधीश. जन्मानंतर काही दिवसांतच आई वारली. तान्ह्या मुलाला इंग्लंडला धाडण्यात आले आणि आत्यांनी त्याला वाढवले.

६/ क्रॉफर्ड भूगोल शिकले. पहिल्या महायुद्धात त्यांनी आधी लष्करी नकाशांचे काम केले, मग ते विमानातून टेहळणी करणारे निरीक्षक झाले. १९१८ साली त्यांचे विमान पाडले गेले आणि ते जर्मनांचे युद्धकैदी बनले. वरून जमीन पाहायची आणि दिसलेले नकाशाशी ताडायचे, ही सवय त्यांना युद्धाने लावली.

७/ १९२० मध्ये ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा खात्याने त्यांना आपला पहिला पुरातत्त्व अधिकारी नेमले. सरकारी नकाशांवर प्राचीन स्थळे अचूक दाखवणे, हे त्यांचे काम. त्यासाठी मोठ्या प्रमाणावरचे नकाशे घेऊन ते सायकलवरून गावोगाव हिंडत.

८/ १९२२ साली हवाई दलातील एका अधिकाऱ्याने हॅम्पशरची काही छायाचित्रे त्यांना दाखवली. त्यांवर विचित्र चौकोनी जाळी दिसत होती. जमिनीवरून केवळ उंचवटे भासणाऱ्या त्या खुणा म्हणजे प्राचीन शेतांचे बांध आहेत, हे क्रॉफर्ड यांनी ओळखले. शेतात उभ्या माणसाला एखादाच बांध दिसत होता. विमानातून सगळे शिवार एका दृष्टिक्षेपात आले.

९/ बुजलेली गोष्ट वरून दिसते कशी? शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. बुजलेल्या चरात माती खोल असते आणि ओल टिकते. तेथे पीक उंच वाढते, अधिक काळ हिरवे राहते. गाडलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ. तेथे पीक खुरटते आणि लवकर पिवळे पडते. अवर्षणात हा फरक ठळक होतो. बांध पुरते झिजलेले नसतील, तर सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्याही उमटतात.

१०/ दक्षिण इंग्लंडमध्ये १९२१ हे कडक अवर्षणाचे वर्ष होते. त्या वर्षी स्टोनहेंजजवळच्या ओल्ड सॅरम येथील वैमानिकांनी या परिसराची छायाचित्रे घेतली होती. हेतू लष्करी सरावाचा, पुरातत्त्वाचा नव्हे. १९२३ मध्ये ती चाळताना क्रॉफर्ड यांना शेतांतून जाणाऱ्या दोन समांतर बारीक रेषा दिसल्या. हरवलेला पूर्वेचा फाटा तो हाच.

११/ पण छायाचित्रातील रेषा स्वतःचे वय सांगत नाही. ती जुनी गाडीवाट असू शकते, पाण्याचा नळ असू शकतो, सैन्याने खणलेला खंदकही असू शकतो. युद्धकाळात स्टोनहेंजच्या अगदी शेजारी लष्करी विमानतळ होता. येथे स्टुकलींचा कागद कामी आला. टेकडीच्या कण्यापर्यंतची हीच वाट दोनशे वर्षांपूर्वी नोंदलेली होती. तेव्हा ना नळ होते, ना विमानतळ.

१२/ क्रॉफर्ड यांनी तरीही घाई केली नाही. जुलै १९२३ मध्ये ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रातून शोध जाहीर झाला आणि सप्टेंबरमध्ये ए. डी. पासमोर यांच्यासह त्यांनी प्रत्यक्ष खोदून पाहिले. छायाचित्राने दाखवलेल्या जागी बुजलेले चर सापडले. जुना आराखडा, हवाई छायाचित्र आणि कुदळ या तिन्ही साक्षी जुळल्या.

१३/ या तपासणीत स्टुकली अर्धे खरे ठरले. पूर्वेला वाट होती, हे त्यांचे निरीक्षण अचूक होते. पण टेकडीपलीकडे ती सरळ जात असावी, हा त्यांचा तर्क चुकला. ती दक्षिणेकडे वळून वेस्ट अ‍ॅम्सबरी येथे एव्हन नदीकडे उतरत होती. उत्तरेचा फाटा तर या वाटेचा भागच नसल्याचे पुढील संशोधकांचे मत झाले. जे त्यांनी पाहिले ते टिकले. जे कल्पिले ते गळून पडले.

१४/ नकाशावर नाव आहे म्हणून ओळख पटली असेही नाही. स्टोनहेंजच्या ईशान्येस एक मातीचे वर्तुळ होते, ते मोठी दफनटेकडी समजले जाई. डिसेंबर १९२५ मध्ये वैमानिक गिल्बर्ट इन्सॉल यांना वरून त्यात ठिपक्यांची कडी दिसली. मॉड कनिंग्टन आणि त्यांचे पती यांनी १९२६ पासून उत्खनन केले, तेव्हा लाकडी खांबांच्या खळग्यांची सहा वलये उघड झाली. ती दफनटेकडी नव्हतीच. आज ते स्थळ ‘वुडहेंज’ म्हणून प्रसिद्ध आहे.

१५/ वाटेचे दुसरे टोक मात्र आणखी बराच काळ गूढ राहिले. २००८ आणि २००९ मध्ये वेस्ट अ‍ॅम्सबरीला नदीकाठी उत्खनन झाले. तेथे सुमारे १० मीटर व्यासाच्या वर्तुळात उभे केलेल्या शिळांचे खळगे सापडले. शिळा प्राचीन काळीच उपटून नेलेल्या होत्या. वाट तेथवर पोचत होती. सुमारे २.८ किलोमीटरच्या या वाटेने नदी आणि शिलावर्तुळ जोडलेले होते.

१६/ म्हणजे स्टोनहेंज हे माळावर एकटे उभे असलेले कोडे नव्हते. नदीकाठापासून सुरू होणाऱ्या एका मोठ्या रचनेचा तो एक भाग होता. ही वाट कळली नसती, तर नदीकाठच्या त्या जागेला स्टोनहेंजशी जोडणारा धागाच हाती राहिला नसता.

१७/ १९२१ ची ती छायाचित्रे दोन वर्षे दप्तरात पडून होती. पुरावा होता, त्याला जुन्या आराखड्याशेजारी ठेवून पाहणारा माणूस यायचा होता. आणि स्टुकलींनी नांगराच्या आधी तेथे पोचून वाट कागदावर उतरवली नसती, तर त्या दोन रेषा पाहूनही क्रॉफर्ड यांना त्या कशाच्या आहेत, हे इतक्या खात्रीने सांगता आले नसते. भूमीवरील खुणा रोज पुसल्या जात आहेत. आजची साधी, अचूक नोंद उद्याच्या कुणाचा तरी एकमेव साक्षीदार ठरू शकते.