दगडातील निद्रा : फ्लॉरेन्स ते गोवे

पंधराव्या शतकातील इटालियन समाधिशिल्पांविषयी भोपाळच्या मराठी ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथात लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांस पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर जुन्या गोव्यात आहे, आणि थोडेसे आपल्या सांचीतही आहे.

लिओनार्दो ब्रुनी हा फ्लॉरेन्सचा इतिहासकार आणि त्या प्रजासत्ताकाचा प्रमुख चिटणीस. तो १४४४ मध्ये वारला. बर्नार्दो रोसेलिनो या शिल्पकाराने सांता क्रोचे चर्चच्या भिंतीत त्याची समाधी उभारली. कमानदार कोनाडा, त्यात शवपेटी, तीवर गरुडांनी तोललेल्या मंचकावर पहुडलेला ब्रुनी. मस्तकी पर्णमाला आणि छातीवर ग्रंथ. वर कमानीत बाल येशूसह मेरी आहे. पण पाहणाऱ्याची दृष्टी खिळते ती त्या ग्रंथावर. संत नव्हे, राजा नव्हे, एका लेखणीबहाद्दराला हा मान मिळाला, हे ग्रंथालयाच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. बर्नार्दोचा धाकटा बंधू अंतोनियो याने पुढे सान मिनियातो चर्चमध्ये अशीच समाधी घडविली, ती फ्लॉरेन्समध्ये १४५९ साली अकाली निवर्तलेल्या एका तरुण पोर्तुगीज कार्डिनलची. पोर्तुगीज आणि फ्लॉरेन्सचा संगमरवर यांची गाठ अशी गोवे जिंकण्याच्या अर्धशतक आधीच पडली होती.

१५१० नंतर हे लोक गोव्यात स्थिरावले आणि मृत्यूविषयीच्या आपल्या कल्पनाही घेऊन आले. जुन्या गोव्याच्या टेकडीवरील रोझरी चर्चमध्ये गव्हर्नर गार्सिया द सा (मृत्यू १५४९) याची शिळा जमिनीत आहे. त्याची पत्नी कातारिना हिचे स्मारक वेदीजवळच्या भिंतीत. पण तेथे निद्रिस्त मूर्ती नाही. तिच्या जागी गुजराती वळणाची नाजूक वेलबुट्टी आहे. चौकट युरोपची आणि हात हिंदुस्थानी, हा संगम मला तरी पुढच्या भव्य स्मारकाहून अधिक मनोहर वाटतो.

ते भव्य स्मारक म्हणजे बॉम जेझुस चर्चमधील सेंट फ्रान्सिस झेवियरची समाधी. झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर मरण पावला. १५५४ मध्ये त्याचे शव गोव्यात आले. ज्या उशीवर त्याचे मस्तक टेकले होते ती उशी तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो मेदिची याच्याकडे पोहोचली. त्या उशीच्या मोबदल्यात, म्हणा वा कृतज्ञतेपोटी म्हणा, त्याने आपला दरबारी शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याच्याकडून रंगीत संगमरवर, जास्पर आणि ब्राँझ यांची समाधी करवून घेतली. तिचे भाग पेट्यांत भरून प्लासिदो राम्पोनी हा कारागीर १६९७ मध्ये निघाला आणि १६९८ मध्ये त्याने गोव्यात ती जोडून उभी केली. या प्रवासाची त्याची रोजनिशी उपलब्ध आहे. रचना बरोक काळाची, तरी वंश रोसेलिनोचाच. भेद एवढाच की ब्रुनीची दगडी मूर्ती करावी लागली. येथे खुद्द देहच वर रुपेरी पेटीत असल्याने मूर्तीची गरज उरली नाही. शिल्पकाराने मग चार ब्राँझपटांत संताचे चरित्र सांगितले. धर्मोपदेश, बाप्तिस्मा, शत्रूंपासून सुटका आणि एकाकी मृत्यू.

ती रुपेरी पेटी मात्र गोव्यातच, १६३६-३७ मध्ये, स्थानिक सोनारांनी घडविली. फोज्जिनीचे नाव जगाला ठाऊक आहे. त्या सोनारांचे कोणी घेत नाही. येथे सांची आठवते. दक्षिण तोरणावरील कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, असे तेथील ब्राह्मी लेखच सांगतो. सोळाशे वर्षांनंतरच्या गोव्यात एवढेही सौजन्य उरले नव्हते. दोन्ही स्थळी अवशेषांचे दर्शनही साधारण एकाच ऋतूत घडते. सारिपुत्त-मोग्गलान यांचे अवशेष १९५२ मध्ये सांचीला परतले व नोव्हेंबरअखेर दर्शनास ठेवले जातात, तर झेवियरचे दर्शन दर दहा वर्षांनी, अलीकडे नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असे झाले.

चर्चच्या बाह्य भिंतींचा चुन्याचा गिलावा १९५०च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारदाने काढून टाकला, तो प्राचीनत्व दिसावे म्हणून. उघडा पडलेला जांभा तेव्हापासून दर पावसाळ्यात झिजत आहे, आणि आतल्या संगमरवराचे भवितव्य त्या भिंतींशी बांधलेले आहे. गिलावा पुन्हा चढवावा की तांबडे रूप राखावे, यावर गोव्यात मतभेद आहेत. लोकांना तांबडी भिंतच ओळखीची झाली आहे. प्रस्तुत लेखकाचे मत गिलाव्याच्या बाजूचे आहे.