चिखल्या, नखुरडं आणि गळणारी नखं

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत आज इमारती दिसतात तिथे बऱ्याच ठिकाणी भातखाचरं होती. लावणीच्या दिवसांत गाळात राबून पायांच्या बेचक्या पांढऱ्या पडत, खाजत, सोलत. त्या चिखल्या. बोटाच्या टोकाला पू धरला की नखुरडं. चिखल्यांवर मेंदी लावायची, नखुरड्यावर लिंबाची टोपी घालायची.

ही समज फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये ‘अलस’ आहे, दूषित चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्यांत होणारा. चिप्प आणि कुनख हे नखांचे विकारही त्याच अध्यायात येतात.

शेतं गेली, पाणी मात्र राहिलं. २६ जुलै २००५ला उल्हास नदीच्या पुराने कल्याणच्या वस्त्या बुडवल्या. त्यामुळे नख बिघडलं की चिखल आणि बुरशी, हे समीकरण घराघरांत टिकून आहे. पाळणाघरातल्या लेकराचं अख्खं नख मुळापासून सुटलं, तरी पहिला संशय बुरशीवरच जातो.

इथेच फसगत होते.

कारण वेगळंच असू शकतं: हात-पाय-तोंडाचा आजार. तो कॉक्सॅकीसारख्या विषाणूंमुळे होतो. १९५७ साली टोरांटोत त्याची साथ नोंदली गेली. भारतात २००३मध्ये कालिकतला. २०२२मध्ये केरळातून ‘टोमॅटो फ्लू’ हे नाव देशभर पसरलं, तेही याच आजाराशी जोडलं गेलं. या आजारानंतर काही आठवड्यांनी नखं गळतात, हे शिकागोच्या डॉक्टरांनी २०००मध्ये पाच मुलांच्या नोंदींवरून मांडलं. २००८च्या फिनलंडमधल्या साथीत कॉक्सॅकी ए६ या प्रकाराशी त्याचा संबंध दिसला. आजाराच्या काळात नखाच्या मुळाची वाढ थांबते, ती पुन्हा सुरू झाली की नवं नख जुन्याला पुढे ढकलतं. दुखत नाही, औषधही लागत नाही.

नख सुटलेल्या ओल्या जागेत बुरशी शिरू शकते, हे खरं. पण लहान मुलांत नखांची बुरशी मुळात विरळ. नखाचा कीस सूक्ष्मदर्शकाखाली तपासला की ती कळते. बुरशीवर तोंडाने देता येणारं ग्रिसिओफुल्विन १९३९मध्ये शोधलं गेलं, १९५८च्या सुमारास रुग्णांना मिळू लागलं. महिनोन्‌महिने घ्यावं लागणारं असं औषध तपासणीशिवाय लेकराला देणं चूकच.

म्हणून आईबाबांनो, नख गळलं तर आधी आठवा: महिना-दोन महिन्यांपूर्वी ताप, तोंडात फोड, तळहातांवर पुरळ आलं होतं का? डॉक्टरांना ते सांगा, आणि तोवर बोटं कोरडी ठेवा.