पिंगुळीची पोथी आणि जपानी पट

एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यांत गेल्या वर्षीं दोन चित्रें शेजारीं शेजारीं टांगलेलीं पाहण्यांत आलीं. पहिलें जपानी, रेशमी काठांचा, खालीं लाकडी दांडी लावलेला लांबट पट आणि त्यावर केवळ काळ्या शाईनें रेखाटलेलीं माकडें. दुसरें आपल्या कोंकणांतील. पिंगुळीच्या चित्रकथ्यांच्या पोथींतून सुटलेलें एक पान आणि त्यावर सेतु बांधणारी वानरसेना. पहिल्याची माहिती गृहस्थांनीं मोठ्या आस्थेनें सांगितली; दुसऱ्याविषयीं मात्र ‘जुनें कांहीं तरी गांवठी चित्र आहे’ एवढेंच म्हणाले. या दोहोंचें नातें त्यांस वाटत होतें त्याहून पुष्कळ जवळचें आहे.

जपानांत असा पट बारा महिने भिंतीवर ठेवण्याची चाल नाहीं. बैठकीच्या खोलींतील राखीव कोनाड्यांत ऋतु व प्रसंग पाहून तो टांगावयाचा आणि प्रसंग सरला कीं गुंडाळून पेटींत ठेवावयाचा. काजळी व सरस यांच्या शाईनें प्राणी रंगविण्याची परंपराहि तेथें जुनी. क्योटोच्या कोझान-जी मठाचे १२ व्या-१३ व्या शतकांतील चार पट प्रसिद्धच आहेत. हे टांगण्याचे नव्हेत, हातांत उलगडीत पाहण्याचे. त्यांत ससे आणि बेडूक कुस्ती खेळतात. माकड भिक्षूचा वेष घेऊन बेडकालाच बुद्ध समजून पूजितें. तोफुकु-जी मठांतील टांगता पट मात्र प्रचंड आहे. मिंचो नामक भिक्षूनें १४०८ सालीं रंगविलेल्या या रंगीत पटांत बुद्धाच्या महानिर्वाणानें शोकाकुल झालेले पशुपक्षी दिसतात. टांगत्या पटांतील एकेक प्रसंग काठीनें दाखवीत कथा सांगणारे भिक्षु व भिक्षुणी जपानांत असत. त्या कथनास ‘एतोकी’ म्हणतात.

हें वाचतांच सिंधुदुर्गाच्या वाचकास पिंगुळी आठवावी. कुडाळजवळच्या या गांवचे ठाकर समाजांतील चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या हेंच करीत आले. सुमारें १२ इंच उंच व १६ इंच रुंद अशीं कागदावरील चित्रें. दोन चित्रें पाठीला पाठ चिकटवून एक पान. एका आख्यानाचीं तीस ते पन्नास चित्रें म्हणजे एक पोथी. कथेकरी एकेक पान पुढें धरितो, मुखानें रामायण-महाभारतांतील आख्यान चालूं असतें, आणि साथीस वीणा, टाळ, हुडुक. सावंतवाडीच्या भोसले संस्थानिकांचा या कलेस आश्रय होता. चित्रांतील चेहरे बहुधा एका बाजूनें दाखविलेले, डोळे मोठे, रेघ ठळक. माझ्या मतें यांत अडाणीपणा नसून हिशेब आहे. दिव्याच्या उजेडांत मागें बसलेल्या म्हातारीसहि हनुमान ओळखूं आला पाहिजे.

चिनी चित्रकथनाचा उगम भारतांत आहे, असें व्हिक्टर मेअर या अमेरिकन पंडितानें १९८८ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें आहे. पिंगुळीपासून क्योटोपर्यंत सरळ रेघ ओढण्याचें धाडस कोणीं करूं नये; परंतु कुळ एक असावें, असें मानण्यास जागा आहे.

भेद आहे तो आपल्या वागणुकींत. चित्रकथी या शब्दांत चित्राइतकीच कथाहि आहे. पोथी फोडून पानें सुटीं विकलीं कीं आख्यान मरतें. जीर्ण पोथी नदींत विसर्जन करण्याची जुनी चाल होती. तो शेवट मला दिवाणखान्यांतील चौकटीपेक्षां अधिक मानाचा वाटतो. सुदैवानें पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत अशीं चित्रें जपलेलीं आहेत. पिंगुळींतच परशुराम गंगावणे यांनीं आपल्या गोठ्याचें संग्रहालय केलें, आणि २०२१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली.

निघतांना गृहस्थांनीं त्या पानाची किंमत काय येईल, असें विचारिलें. मीं उलट विचारिलें, ‘‘याच्या पुढचें पान कोठें आहे?’’ त्यांस तें ठाऊक नव्हतें. वानरांच्या हातांतील शिळा तशाच उचललेल्या होत्या. सेतु मात्र पुरा व्हावयाचा होता.