सेकंडहँड प्रोसेसर टाकून गेमिंग पीसीची अजून वर्ष-दोन वर्षं काढता येतात का?

ग्राफिक्स कार्ड बरं आहे, तरी गेममध्ये गर्दीचा सीन आला की चित्र अडखळतं. दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "आता सगळंच बदला." सगळंच म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जसे चढले, ते पाहता हा सल्ला खिशाला झेपत नाही. अशा वेळी आहे त्याच बोर्डवर बसणारा, पण जास्त दमदार असा वापरलेला प्रोसेसर घेणं हा एक मार्ग असतो. अट एकच: प्रोसेसर सोडून दुसरं काही विकत घ्यावं लागू नये. बोर्डही घ्यावा लागला तर ती तात्पुरती सोय राहत नाही, जुन्या पिढीत नव्याने पैसे अडकतात.

आधी दुखणं प्रोसेसरचंच आहे का ते तपासा. गेमचं रिझोल्यूशन कमी करून खेळा. फ्रेम्स चांगल्या वाढल्या तर अडचण ग्राफिक्स कार्डाची, जवळपास तेवढ्याच राहिल्या तर बहुतेक प्रोसेसरची. टास्क मॅनेजरमधल्या एकूण टक्क्यावर जाऊ नका. गेम अनेकदा एक-दोन कोअरवर अडतो, त्यामुळे एकूण वापर ४० टक्के दिसत असतानाही प्रोसेसर थकलेला असू शकतो.

या उपायासाठी सगळ्यात सोयीचं सॉकेट एएमडीचं एएम४. २०१७ चा रायझन ५ १६०० आणि २०२२ चा रायझन ५ ५६०० दोन्ही याच सॉकेटचे, दोन्ही सहा कोअरचे. पण एकेका कोअरचा वेग इतका वाढला आहे की गेममध्ये फरक लगेच जाणवतो. शिवाय ५६०० हा ६५ वॅटचा असल्याने साध्या बोर्डवरही चालतो, आणि १६०० ला अधिकृतपणे न मिळणारं विंडोज ११ त्याला मिळतं. नावाच्या साधर्म्याला मात्र फसू नका. ५५०० आणि ५६००जी यांची एल३ कॅश १६ एमबी आहे, ५६०० ची ३२ एमबी. गेमला कॅश फार उपयोगी पडते. ९६ एमबीचा ५८००एक्स३डी वापरलेलाही स्वस्त मिळत नाही, तो त्यामुळेच.

इंटेलवाल्यांना एवढी मोकळीक नाही. सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही, दोन्हीकडे सॉकेटचं नाव एलजीए ११५१ असलं तरी. म्हणून बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरची प्रोसेसरची यादी बघितल्याशिवाय कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका.

वापरलेल्या सुट्या भागांमध्ये प्रोसेसर तसा सर्वांत कमी धोक्याचा. त्यात फिरणारा भाग नसतो, तो सहसा जळत नाही. ठळक अपवाद इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतल्या जास्त वॅटच्या डेस्कटॉप प्रोसेसरचा. त्यांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होतं. २०२४ मध्ये इंटेलने दुरुस्तीचा मायक्रोकोड दिला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही. आधीच्या मालकाने तो कसा वापरला हे कळायला मार्ग नसतो. वॉरंटी शिल्लक नसेल तर असा माल मी तरी घेणार नाही.

एएम४ च्या पिना प्रोसेसरलाच असतात, त्यामुळे खालच्या बाजूचा स्पष्ट फोटो मागा. वाकलेली पिन कधी सरळ करता येते, तुटलेली नाही. काही ब्रँडेड ऑफिस पीसींमधून काढलेले रायझन प्रो त्या कंपनीच्याच बोर्डला लॉक झालेले असतात. ते तुमच्याकडे सुरूच होणार नाहीत. लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणी घेत असाल तर समोर बोर्डवर लावून अर्धा तास सिनेबेंच चालवायला सांगा आणि बिलावर आठवडाभराची टेस्टिंग वॉरंटी लिहून घ्या. भाव नव्या, सीलबंद प्रोसेसरच्या जवळ जात असेल तर नवाच घ्या. एएमडीच्या बॉक्समधल्या प्रोसेसरला तीन वर्षांची वॉरंटी असते.

घरी आल्यावर पहिलं काम बायोस अपडेटचं, आणि तेही जुना प्रोसेसर लावलेला असतानाच. नवा बसवल्यावर जुन्या बायोसने त्याला ओळखलंच नाही तर स्क्रीन काळी राहते. अपडेट सुरू असताना लाईट गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, तेव्हा यूपीएस असेल तर तो लावा. बिटलॉकर सुरू असेल तर आधी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. प्रोसेसर बदलल्यावर सुरक्षेच्या किल्ल्या पुसल्या जातात आणि विंडोज ती की मागतं. ती नसेल तर ड्राइव्हवरचा डेटा हाती लागत नाही.

एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका, पेस्टला चिकटून प्रोसेसर पिनांसकट उपटून येतो. पीसी थोडा वेळ चालवून गरम करा, बंद करून प्लग काढा आणि मग कूलर हलकेच पिळत सोडवा. जुना प्रोसेसर आठवडाभर तरी विकू नका. नवा नीट चालतोय याची खात्री झाली की मग जाहिरात टाका.