मावळांतील फुटक्या बांगड्या : एक उपेक्षित साधन

राजगड, तोरणा, रोहिडा इत्यादि भोर-वेल्हे भागांतील किल्ले पाहणारा संशोधक शिलालेख, नाणीं व चौथरे बारकाईनें तपासतो. परंतु बांगडीचा फुटका तुकडा दिसला तर क्षुल्लक म्हणून ओलांडून जातो. हा तुकडाहि कागदाप्रमाणेंच साक्ष देऊं शकतो, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

काच म्हणजे वाळू व क्षार यांचा भट्टींत एकजीव झालेला रस. शुद्ध वाळू वितळण्यास सुमारें १७०० अंश उष्णता लागते; सोड्याचा क्षार मिसळला म्हणजे ती पुष्कळ कमी उष्णतेवर वितळते. आपल्याकडील मध्ययुगीन काचेंत सोड्याबरोबर ॲल्युमिना विपुल आढळतें. कारखान्यांतील अर्वाचीन काचेंत तें थोडें असतें. त्यामुळें जुना तुकडा व कालपरवांचा तुकडा हे पृथक्करणानें निराळे काढतां येतात.

कोल्हापुरास ब्रह्मपुरी येथें डॉ. सांकळिया व डॉ. मो. गं. दीक्षित यांनीं १९४५-४६ सालीं केलेल्या उत्खननांत काचेच्या बांगड्या व मणी सांपडले. पुढें १९६९ सालीं दीक्षितांनीं भारतीय काचेचा इतिहासच ग्रंथरूपानें मांडला. चौलच्या मण्यांच्या पृथक्करणाचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले. युरेनियमचा अंश अधिक असलेली त्यांची काच पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील मण्यांतहि आढळते.

आतां मावळाचा विचार करूं. येथील काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत गारगोटी मिळते. परंतु मुसळधार पावसामुळें क्षार जमिनींत सांचून राहत नाहीं. तो सांचतो कोरड्या देशावरील चोपण जमिनींत, किंवा लोणारच्या सरोवरांत. लोणारच्या परिसरांत काच व साबण यांची सामग्री मिळते, असें ऐने-अकबरींतहि नमूद आहे. तेव्हां मावळांतील काच, निदान तिचा कच्चा माल, बाहेरून आला असावा असें अनुमान निघतें. तो वरंध व मढे घाट चढून कोंकणांतून आला, कीं देशावरून, हा निवाडा पृथक्करणानें होऊं शकेल. चौलच्या जातीची काच मिळाली तरी तेवढ्यावरून ती चौलचीच ठरणार नाहीं. मात्र शोधाची दिशा ठरेल.

परंतु स्थळ व थर यांची नोंद नसलेला तुकडा मिती-शिक्का नसलेल्या कागदासारखा होय. राजगडासारख्या संरक्षित स्थळीं दिसलेला तुकडा उचलूं नये. छायाचित्र व जागा यांची नोंद करून पुरातत्त्व खात्यास कळवावें. ज्यांच्या संग्रहीं असे तुकडे पूर्वींच आले असतील, त्यांनीं ते कोठें मिळाले हें आठवत आहे तोंच लिहून ठेवावें. तुकडा शेंकडों वर्षें टिकेल. ती आठवण मात्र एका पिढीबरोबर संपेल.